२१४७४८३६४७: एका मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म स्वतः तपासायचे कसे

मोठी मूळ संख्या म्हटलं की चर्चा लगेच रेकॉर्डवर जाते. २^१३६२७९८४१ − १ (^ म्हणजे घात), ऑक्टोबर २०२४ मधे जाहीर झाली, ४,१०,२४,३२० अंक वगैरे वगैरे. ऐकायला भारी आहे पण तिच्यासोबत करणार काय, नुसती पूर्ण टाईप केलेली बघायची म्हटलं तरी फाईल उघडता उघडता नाकी नऊ येतील. त्यापेक्षा अशी संख्या घेऊया की जी मोठी तर आहे, पण साध्या कॉम्प्युटरवर आणि थोडी कागदावर सुद्धा हाताळता येते, आणि जिचे गुणधर्म एकेक करून स्वतः ताडून बघता येतात.

ती संख्या म्हणजे २१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही पाठच असते, कारण ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरमधे मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या, आणि १९ जानेवारी २०३८ ला पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी (जागतिक वेळेनुसार) जुनी युनिक्स घड्याळं जिथे अडकणार आहेत तो आकडाही हाच. पण त्यातल्या बऱ्याच जणांना ही मूळ संख्या आहे हे माहीत नसतं. २^३१ − १ असं लिहिलं की हिचं घराणं कळतं, मर्सेन मूळ संख्या (दोनाच्या घातातून १ वजा केला की मर्सेन संख्या, ती मूळ निघाली तर मर्सेन मूळ). पुढे सगळीकडे मी हिला नुसतं प म्हणणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढचा सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे. मूळ संख्येकडे एकटीकडे बघून फारसं काही हाती लागत नाही, तिला अवयवच नाहीत तर फोडणार काय? तिचा स्वभाव कळतो तो तिच्या दोन शेजाऱ्यांकडून, प − १ आणि प + १. हे दोघे फोडता आले की संख्या उघडी पडते. आपल्या संख्येचे दोन्ही शेजारी अगदी मोकळे आहेत, म्हणून तर ही निवडली.

आधी हत्यारं नीट करून घ्या

फोनचा कॅल्क्युलेटर आणि स्प्रेडशीट बाजूला ठेवा, खरंच. आपल्याला इथे दोन दहा अंकी संख्यांचा गुणाकार करून प ने भागून बाकी काढायची आहे, तो गुणाकार १९ अंकांपर्यंत जातो आणि स्प्रेडशीट १५ अंकांनंतर गुपचूप शून्यं भरायला लागते. एरर देत नाही, उत्तर चुकीचं देते, हे जास्त वाईट. जावास्क्रिप्टमधले साधे आकडे पण ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे भरवशाचे नाहीत. सी मधे करायचं तर ६४ बिटचा टाईप घ्या, प चा वर्ग २^६२ पेक्षा कमी असल्यामुळे तेवढ्यात आरामात बसतो. सगळ्यात सोपं पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, तिथे आकडा कितीही मोठा चालतो.

पायथॉनमधे घात काढायचं पॉव (pow) नावाचं फंक्शन आहे, त्याला दोन ऐवजी तीन गोष्टी द्या: पाया, घातांक आणि ज्याने भागायचं ती संख्या. मग ते प्रत्येक पायरीला बाकी काढत काढत जातं आणि उत्तर क्षणात येतं. नवीन लोक हमखास काय करतात, आधी ७ चा दोनशे कोटीवा घात काढायला सांगतात आणि मग बाकी. तो आकडा दीडशे कोटींहून जास्त अंकांचा होतो, मशीन बसतं घुटमळत आणि माणूस म्हणतो पायथॉन स्लो आहे.

अजून एक युक्ती, ही फक्त मर्सेन संख्यांना चालते पण इतकी सुंदर आहे की सोडवत नाही. प ने भागायला भागाकारच लागत नाही. २^३१ ला प ने भागलं की बाकी १ उरते, म्हणजे कुठलीही मोठी संख्या घ्या, तिचे २^३१ चे किती गठ्ठे होतात ते मोजा, आणि गठ्ठ्यांची संख्या उरलेल्या भागात मिळवा, झालं. उदाहरण बघा, १६८०७ × २८२४७५२४९ = ४७४७५६१५०९९४३. यात २१४७४८३६४८ चे २२१० गठ्ठे बसतात आणि १६२२६४७८६३ उरतात. बेरीज १६२२६५००७३. हीच बाकी. कॉम्प्युटरला तर गठ्ठे मोजायचं पण काम नाही, खालचे ३१ बिट एक तुकडा आणि वरचे बिट दुसरा तुकडा. (हे १६८०७ कुठून आलं ते पुढे येईल, उगाच नाही घेतलेलं.)

पायरी १: मूळ आहे का, साध्या पद्धतीने

शाळेतली पद्धत म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. प चं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे, आणि ४६३४० पर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे ४७९२ भागाकार. कॉम्प्युटरला हे काहीच नाही, पण १७७२ साली ऑयलरने हे काम हाताने केलं तेव्हा त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि त्याने ते जास्तीत जास्त ३७२ भागाकारांवर आणून ठेवलं. कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

समजा क ही मूळ संख्या प ला निःशेष भागते. मग २^३१ ला क ने भागलं की बाकी १. आता २ चे घात क ने भागत गेलं की बाक्या गोल गोल फिरतात, ती फेरी ३१ ला भागणारी असायला हवी, ३१ स्वतः मूळ आहे आणि फेरी १ ची असू शकत नाही, म्हणून फेरी बरोबर ३१ ची. फर्माच्या छोट्या प्रमेयामुळे (ते काय ते पायरी २ मधे) ही फेरी क − १ ला पण भागते. म्हणजे क − १ ३१ च्या पटीत, आणि क विषम असल्यामुळे ६२ च्या पटीत. एवढ्यावरच बहुतेक उमेदवार बाद झाले.

दुसरी चाळणी. २^३१ ची बाकी १ तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे क च्या जगात (जिथे क ने भागून फक्त बाकी बघायची) २ ही एक वर्गसंख्या आहे, आणि हे तेव्हाच होतं जेव्हा क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की क एकतर २४८न + १ किंवा २४८न + ६३ अशा रूपातच असणार. ४६३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या १८६ आणि दुसऱ्या प्रकारच्या, ६३ सोडून, १८६. हेच ते ३७२.

त्यातल्या पण कितीतरी मूळ नाहीतच. सुरुवात करून बघा: २४९ ला ३ ने भाग जातो, मग ३११ मूळ आहे, मग ४९७ गेली (७ × ७१), ५५९ गेली (१३ × ४३), ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळ्या गेल्या, आणि मग थेट १३०३. म्हणजे १३०० पर्यंत फक्त एकच भागाकार करायचा, ३११ ने. ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५. जात नाही. हे एक तरी हाताने करून बघाच, मग ऑयलरने काय सोसलं असेल आणि काय वाचवलं याचा अंदाज येतो.

आता कोणी म्हणेल, घातांक ३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १ मूळ असणारच की. अजिबात नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. बघा, २३ आणि ८९ दोन्ही ११ च्या सम पटीपेक्षा १ ने जास्त, म्हणजे वरचा नियम तिथेही लागू. २^२९ − १ चे तर तीन तुकडे होतात, २३३, ११०३ आणि २०८९. घातांक मूळ असणं गरजेचं आहे, पुरेसं नाही. स्वतः मर्सेनने १६४४ साली जी यादी दिली त्यात ६७ आणि २५७ हे घातांक चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. २^६७ − १ चे अवयव कोलने १९०३ मधे दाखवले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. ३१ मात्र मर्सेनचा बरोबर निघाला.

पायरी २: फर्माची परीक्षा, आणि ती कुठे फसवते

संख्या अजून मोठी असेल तर भागाकार करत बसणं शक्य नाही. तिथे फर्माचं छोटं प्रमेय वापरतात: न मूळ असेल आणि अ ला न ने भाग जात नसेल तर अ^(न−१) ला न ने भागून बाकी १ यायलाच हवी. १ आली नाही तर न संयुक्त, विषय संपला, अवयव माहीत नसले तरी.

उलटं मात्र खरं नाही. ३४१ = ११ × ३१, तरी पाया २ घेऊन ही परीक्षा पास होते. ५६१ तर तिच्याशी समान अवयव नसलेल्या कुठल्याही पायाला फसवते. आणि मर्सेन संख्यांसाठी एक खास खड्डा आहे: पाया २ घेऊन प्रत्येक मूळ घातांकाची मर्सेन संख्या पास होते, मग ती मूळ असो वा नसो! २०४७ घ्या. २०४६ = ११ × १८६, आणि २^११ ची बाकी तर १ च आहे, मग २^२०४६ ची पण १. परीक्षा घेतली काय आणि नाही घेतली काय. पाया ३ घेतला की २०४७ पकडली जाते, ३^२०४६ ची बाकी १०१३ येते. तेव्हा मर्सेन संख्येवर पाया २ वापरून "वा, मूळ आहे" म्हणू नका.

याच्यापुढची परीक्षा मिलर-राबिनची. न − १ मधले २ चे सगळे अवयव बाजूला काढायचे, उरलेल्या विषम भागाचा घात काढायचा, आणि मग वर्ग करत जायचं. आपल्या प साठी हे फारच आटोपशीर होतं, कारण प − १ मधे २ एकदाच येतो. म्हणून अ^(१०७३७४१८२३) ची बाकी १ किंवा प − १ आली की पास. ३२१५०३१७५१ पेक्षा लहान कुठल्याही संख्येसाठी पाया २, ३, ५ आणि ७ एवढे चार पास झाले की ती नक्की मूळ, इथे संभाव्यता वगैरे काही नाही, तपासून सिद्ध झालेलं आहे. प त्या मर्यादेत येते. पायथॉनमधे चार ओळी. पाया २ ला बाकी १ येईल, ३, ५, ७ ला प − १ म्हणजे २१४७४८३६४६ येईल, न आल्यास तुमच्या कोडमधे घोळ आहे.

पायरी ३: वरचा शेजारी, प + १

प + १ = २^३१. नुसता दोनाचा घात, याच्याहून सोपा शेजारी असू शकत नाही. आणि यावरच लुकास-लेहमर चाचणी उभी आहे. लुकासने १८७६ मधे याच विचारातून २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे हे कॉम्प्युटरशिवाय दाखवलं, पुढे लेहमरने चाचणी आजच्या सुटसुटीत रूपात आणली. रेकॉर्डवाल्या मर्सेन संख्यांवर शेवटचा शिक्का आजही हीच चाचणी मारते.

करायचं काय: ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. हे घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा करा. शेवटी ० आला तर मूळ, नाही आला तर संयुक्त. बस.

थेट ३१ वर उडी मारू नका, आधी ७ वर हात बसवा. २^७ − १ = १२७, पाच वेळा करायचं. ४ वरून १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, बाकी ६७. ६७ चा वर्ग वजा २, ४४८७, बाकी ४२. पुढे १७६२, बाकी १११. पुढे १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९, बाकी शून्य! पहिल्यांदा हाताने करताना शेवटचं शून्य आलं की बरं वाटतं, कबूल करतो.

आता संयुक्त संख्येवर काय होतं ते बघायला २०४७ घ्या, नऊ वेळा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. म्हणजे संयुक्त. यात २३ आणि ८९ चा कुठे पत्ताच लागत नाही हे लक्षात घ्या, चाचणी निकाल सांगते, कारण सांगत नाही.

मग ३१ साठी हेच २९ वेळा. वर सांगितलेली गठ्ठ्यांची युक्ती वापरली तर एकही भागाकार न करता होतं. एकच काळजी, बाकी ० पेक्षा कमी जाऊ देऊ नका आणि गठ्ठे मिळवल्यावर बेरीज प च्या बरोबर किंवा वर गेली तर अजून एकदा प वजा करा, नाहीतर शेवटी ० ऐवजी प दिसेल आणि तुम्ही म्हणाल चाचणी नापास झाली.

पायरी ४: खालचा शेजारी, प − १

माझ्या मते खरी मजा इथे आहे. प − १ = २१४७४८३६४६ = २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. दोनशे कोटीच्या संख्येचा सगळ्यात मोठा अवयव ३३१! हे असं होणं नशिबाचं नाही, प − १ म्हणजे २ × (२^३० − १), आणि ३० चे भरपूर विभाजक असल्यामुळे २^३० − १ आपोआप बारीक तुकड्यांत फुटते.

याचा उपयोग काय. प च्या जगात, म्हणजे १ ते प − १ या संख्यांमधे प ने बाकी काढत गुणाकार केला, तर काही संख्या अशा असतात की त्यांचे घात घेत गेलं की परत १ यायच्या आधी सगळ्याच्या सगळ्या संख्या एकदा येऊन जातात. अशा संख्येला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. २ बिचारा इथे फारच कमकुवत, ३१ पावलांत परत १ वर येतो. मग कोण? सगळे घात मोजत बसायची गरज नाही. उमेदवार अ घ्या, प − १ च्या प्रत्येक मूळ अवयवासाठी, म्हणजे २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१, अ^((प−१)/अवयव) काढा. एकातही १ येत नसेल तर अ प्रिमिटिव्ह रूट. सात घात, काम फत्ते.

सगळ्यात लहान असा उमेदवार ७ आहे. ३, ५, ६ पहिली अट (अवयव २) पार करतात आणि पुढे कुठेतरी पडतात, कोण कुठे पडतं ते तुम्हीच चालवून बघा. ४ पडतो तो पहिल्याच अटीत, तो वर्ग आहे ना.

आणि हेच गणित प मूळ असल्याची सिद्धता पण आहे, एकाच फटक्यात दोन कामं. ७^(प−१) ची बाकी १ आणि वरच्या सातही परीक्षांत १ नाही, म्हणजे ७ ची फेरी पूर्ण प − १ लांबीची. संयुक्त संख्येच्या जगात एवढी लांब फेरी शक्यच नाही. ज्याला तुमच्या कामावर विश्वास नाही त्याला ७ हा आकडा आणि ही अवयवांची यादी द्या, तो स्वतः पडताळून घेईल, तुमचा कोड बघायची सुद्धा गरज नाही. मोठ्या मूळ संख्यांची प्रमाणपत्रं याच धर्तीवर बनतात, फक्त प − १ चा अवयव ३३१ सारखा छोटा नसेल तर त्या अवयवाचं वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

असे प्रिमिटिव्ह रूट एकूण किती? १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३० = ५३,४६,००,०००. म्हणजे जवळपास दर चौथी संख्या. डोळे मिटून एखादी निवडली तरी चार-पाच प्रयत्नांत बहुधा सापडते.

आता १६८०७. हा ७ चा पाचवा घात. ५ आणि प − १ यांचा समान अवयव नाही (यादीत ५ नाहीये, बघा), म्हणून ७ प्रिमिटिव्ह रूट तर १६८०७ पण. १९६९ मधे लुईस, गुडमन आणि मिलर यांनी, आणि नंतर १९८८ मधे पार्क आणि मिलर यांनी हाच आकडा यादृच्छिक संख्या तयार करायला सुचवला: आधीची संख्या गुणिले १६८०७, प ने भागून बाकी. सुरुवात १ ने केली तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ (ओळखीचा वाटतोय ना) अशी रांग लागते आणि सगळ्या २१४७४८३६४६ संख्या संपल्याशिवाय कुठलीच परत येत नाही. तुमचा कोड बरोबर आहे का बघायचं तर दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५ यायला हवी. आज गंभीर कामाला ही रांग कोणी वापरू नये, फेरी छोटी पडते आणि पुढची संख्या ओळखणं पोरखेळ आहे, पण समजून घ्यायला उत्तम.

पायरी ५: वर्ग, वर्गमूळं

प ला ४ ने भागलं तर बाकी ३, ८ ने भागलं तर ७. एवढ्याश्या माहितीतून बरंच निघतं. प दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. तीन वर्गांची पण नाही, ८ने भागून ७ उरणाऱ्यांना चार लागतातच. तसंच शून्य सोडून कुठल्याही अ साठी अ आणि −अ यातला बरोबर एकच या जगात वर्ग असतो.

आणि वर्गमूळ काढायला सूत्र मिळतं: अ वर्ग असेल तर त्याचं मूळ अ^((प+१)/४). पण (प+१)/४ म्हणजे २^२९! म्हणजे अ चा नुसता २९ वेळा वर्ग करायचा, वर्गमूळ तयार. वर्ग करत करत वर्गमूळ मिळतंय, हे पहिल्यांदा वाचलं की विचित्रच वाटतं. २ वर करून बघा, उत्तर ६५५३६ येतं. पडताळा: ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६, त्यातून प दोनदा वजा करा, ४२९४९६७२९६ − ४२९४९६७२९४ = २. म्हणजे या जगात दोनाचं वर्गमूळ चक्क एक पूर्णांक आहे. पायरी १ मधे २^३२ बद्दल जे बोललो तेच हे, फक्त क च्या ऐवजी प मधे.

२ ने गुणणं म्हणजे इथे ३१ बिट एक घर डावीकडे सरकवायचे आणि बाहेर पडलेला बिट उजवीकडून आत घ्यायचा. आणि २ ने भागायचं तर उलट दिशेला, किंवा १०७३७४१८२४ ने गुणायचं.

बाकीचे गुणधर्म, पटापट

सगळ्या मूळ संख्या ओळीने मोजल्या तर हिचा नंबर १०,५०,९७,५६५ वा. अंदाज काढायचा तर प भागिले प चा नैसर्गिक लॉगरिदम, तो ९.९९ कोटीच्या आसपास येतो, म्हणजे पाचेक टक्के कमी, या सूत्राचं असंच असतं. आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. जुळी (जिच्यापासून २ च्या अंतरावर दुसरी मूळ संख्या असते ती) नाही: प − २ च्या शेवटी ५ येतो आणि प + २ म्हणजे २^३१ + १, त्याला ३ ने भाग जातो. सोफी जर्मेन मूळ संख्या (जिची दुप्पट अधिक १ पण मूळ असते ती) पण नाही, कारण २प + १ = २^३२ − १, तिचेही ३ पासून अवयव सुरू होतात.

हिच्यापासून परिपूर्ण संख्या मिळते, २^३० × प = २३०५८४३००८१३९९५२१२८, स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच. क्रमाने ही आठवी. पीटर बार्लोने १८११ मधे लिहून टाकलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी कोणी शोधणार नाही, कारण ह्या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य. बिनउपयोगी गोष्टीच्या मागे माणूस किती लागतो हे त्याला कळलं नव्हतं.

अजून एक, हे मला फार आवडतं. प मूळ आहे, मग २^प − १ पण मूळ असेल का? तिला चौसष्ट कोटींहून जास्त अंक आहेत, लिहिता पण येणार नाही. पण पायरी १ चा नियम इथेही चालतो, तिचा कुठलाही मूळ विभाजक प च्या सम पटीपेक्षा १ ने जास्त असणार. आणि २ × ६८७४५ × प + १ = २९५२५७५२६६२६०३१ हा तिचा विभाजक आहे. पॉव ला पाया २, घातांक प आणि ही संख्या द्या, १ येईल. चौसष्ट कोटी अंकांची संख्या संयुक्त आहे हे तुम्ही एका ओळीत सिद्ध केलंत.

कुठे वापरायची नाही

मूळ आहे, मोठी दिसते, मग पासवर्ड-बिसवर्डच्या कामाला वापरू असं कोणाच्या डोक्यात आलं तर आधी प − १ परत बघा. डिफी-हेलमनसारख्या पद्धतीची (दोघांनी उघड्यावर बोलून गुप्त किल्ली ठरवायची पद्धत) सगळी सुरक्षितता यावर असते की ७^क्ष ची बाकी दिली तर क्ष शोधणं अवघड. इथे ते अजिबात अवघड नाही, आणि फक्त दहा अंकी आहे म्हणून नाही. मिळालेल्या बाकीचा (प−१)/३३१ वा घात काढा, उत्तर फक्त ३३१ शक्यतांपैकी एक असतं, टेबलात बघून क्ष ला ३३१ ने भागल्यावरची बाकी कळते. मग १५१ साठी तेच, मग ३१, ११, ९, ७, २. सगळं मिळून ५४२ शक्यता, आणि चिनी शेष प्रमेयाने (वेगवेगळ्या बाक्यांवरून पूर्ण आकडा शोधायचा नियम) त्या बाक्या जोडल्या की पूर्ण क्ष हातात. याला पोलिग-हेलमन म्हणतात. दोनशे कोटींचं कुलूप, साडेपाचशेच्या आत चाव्यांत उघडलं. म्हणून तिथे प − १ मधे निदान एक तरी प्रचंड मूळ अवयव असलेल्या संख्या निवडतात, (प−१)/२ स्वतःच मूळ असेल तर उत्तम.

हे सगळं जमलं की पुढची संख्या २^६१ − १ = २३०५८४३००९२१३६९३९५१ घ्या, मर्सेनच्या यादीतून राहिलेली. तिचा वरचा शेजारी पुन्हा नुसता दोनाचा घात, खालचा २ × ३^२ × ५^२ × ७ × ११ × १३ × ३१ × ४१ × ६१ × १५१ × ३३१ × १३२१. लुकास-लेहमरची ५९ पावलं, प्रिमिटिव्ह रूटसाठी प्रत्येक उमेदवाराला बारा घात. फक्त इथे गुणाकार १२२ बिटपर्यंत जातो, म्हणजे सी मधला ६४ बिटचा टाईप पुरणार नाही, १२८ बिटचा घ्यावा लागेल, आणि पाचाचा अवयव यादीत आल्यामुळे "पाचवा घात घेतला तरी प्रिमिटिव्ह रूट राहतो" ही सोय इथे चालत नाही.